स्कोमेट: दर वेळी परवाना की एकदाच सामान्य मंजुरी?

हिंजवडीतल्या एका चिप डिझाइन कंपनीतल्या मित्राला परदेशी पालक कंपनीकडे स्कोमेट यादीतलं (नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना चालणाऱ्या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू-तंत्रज्ञानाची सरकारी यादी), आठव्या म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, संगणक वगैरेंच्या श्रेणीतलं सॉफ्टवेअर पाठवायचंय. सुटा परवाना घ्यावा की 'गेक्ट', म्हणजे कंपनीअंतर्गत हस्तांतरणाची सामान्य मंजुरी? (ईमेलनं पाठवलेला कोडही निर्यातच. हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.)

मुदत: परवाना २४ महिने, गेक्ट ३ वर्षं.

खटाटोप: सुट्या परवान्याला प्रत्येक ऑर्डरसाठी अंतिम वापराचं प्रमाणपत्र आणि डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) आंतरमंत्रालयीन गटाची छाननी. आठवडे जातात. गेक्टला सुरुवातीची कागदपत्रं जास्त, दोन कंपन्यांमधला करारही दाखवायचा. पुढे मात्र माल पाठवून नंतर कळवायचं.

चौकशी: इथे गेक्टवाल्यांची खरी परीक्षा. आधीची छाननी हलकी, म्हणून नोंदींची जबाबदारी तुमच्यावर. कोणी, कधी, कोणती फाइल पाठवली हे वर्षांनंतरही दाखवता आलं पाहिजे. चूक निघाली तर १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली दंड होतोच, आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोडही निलंबित होऊ शकतो.

वर्षाला एकदोनच ऑर्डरी किंवा ग्राहक त्रयस्थ असेल, तर सुटा परवाना. गटातल्याच कंपनीशी रोजची देवाणघेवाण आणि नोंदी ठेवणारा पक्का माणूस असेल, तर गेक्ट.