दादासाहेब मावळणकर वाचायचे असतील तर संसदेची डिजिटल लायब्ररी उघडाच (रिव्ह्यू)

संसदेची डिजिटल लायब्ररी, इपार्लिब म्हणून शोधली की लगेच सापडते, फुकट आहे, लॉगिन वगैरे लागत नाही, पीडीएफ उतरवून घेता येतात. मी ती वापरतोय ते मुख्यतः एका माणसासाठी, गणेश वासुदेव मावळणकर, म्हणजे दादासाहेब, पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष. आपल्याकडे त्यांच्याबद्दल जयंती-पुण्यतिथीला जे छापून येतं त्यात जन्म, मृत्यू आणि नेहरू त्यांना लोकसभेचे जनक म्हणायचे एवढंच असतं. पण हा माणूस खुर्चीत बसून बोलायचा काय, कुणाला थांबवायचा, कुणाला बोलू द्यायचा, ते वाचायचं असेल तर इथेच यावं लागतं, कारण इथे सभागृहात झालेलं बोलणं जसंच्या तसं आहे.

घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, जन्म 1888 चा बडोद्याचा, शाळा राजापुरात आणि कोकणात इकडेतिकडे, मग शिकायला अहमदाबाद. 1912 ला मुंबईत कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले आणि 1913 पासून अहमदाबादेत वकिली. त्याच सुमारास वल्लभभाई पटेलही विलायतेहून बॅरिस्टर होऊन अहमदाबादेतच वकिली करायला आले होते, पुढे दोघंही गांधीजींकडे ओढले गेले, नगरपालिका, असहकार, तुरुंग, सगळं ओघाने आलंच. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांवर त्यांनी गुजरातीत एक पुस्तकही लिहिलंय. मराठी घरातला वकील गुजरातचा पुढारी झाला आणि तिथल्या लोकांनी त्याला आपला मानला, हे मला फार मोठं वाटतं, आणि आपण मराठी लोक मात्र त्यांचं नाव क्वचितच घेतो याचं खरंच वाईट वाटतं.

1937 ला ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते तेव्हा, पण तो काळ या लायब्ररीत शोधू नका, ते राज्याच्या विधिमंडळाचं कामकाज. तुमचं काम सुरू होतं जानेवारी 1946 पासून, दिल्लीच्या सेंट्रल लेजिस्लेटिव्ह असेंब्लीत, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या केंद्रीय कायदेमंडळात. 1952 च्या आधीच्या चर्चा वेगळ्या विभागात ठेवल्यात, तिथे जायचं. त्या वेळी काँग्रेसकडे बहुमत नव्हतं, सरकारने नेमलेले आणि युरोपियन मेंबर समोर, आणि असेंब्लीच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत समोरचे उमेदवार सर कावसजी जहांगीर. मावळणकर 66 विरुद्ध 63 ने जिंकले, फक्त तीन मतं! 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री ती असेंब्लीच संपली, नंतर संविधान सभेच्या कायदे करणाऱ्या बैठकांचे अध्यक्ष तेच, 1950 नंतर, पहिली लोकसभा येईपर्यंतच्या हंगामी संसदेचेही तेच. म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या खुर्चीवरून प्रजासत्ताकाच्या खुर्चीपर्यंत एकच माणूस, आणि हे सगळं एका साइटवर ओळीने वाचता येतं.

माझं सगळ्यात आवडतं पान 15 मे 1952 चं. लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली, मावळणकरांच्या समोर शेकापचे शंकरराव मोरे, सोलापूरचे खासदार, विरोधकांनी त्यांचं नाव कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्यातर्फे मांडलं. 394 विरुद्ध 55. आणि मोरेंनी स्वतःचं मत मावळणकरांना दिलं, दोन उमेदवारांनी एकमेकांना मत द्यायचं ही संसदीय रीत म्हणून. देशाच्या पहिल्या लोकसभेत अध्यक्षपदासाठी दोन मराठी माणसं समोरासमोर आणि इतक्या सभ्यपणे, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे शाळेत सांगायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

वकिली त्यांच्यातून कधी गेली नाही हे वाचताना सारखं जाणवतं. कोर्टात एखाद्या पक्षकाराने हमी दिली की ती रेकॉर्डवर घेतात आणि नंतर त्यावर धरतात, मावळणकरांनी तेच मंत्र्यांच्या बाबतीत केलं, म्हणजे मंत्री सभागृहात उठून सांगतो 'बघतो, चौकशी करतो, माहिती देतो' आणि विसरतो, त्यासाठी 1953 ला सरकारी आश्वासनांची समिती आली. त्याच वर्षी दुय्यम कायद्यांची समिती, संसदेने दिलेल्या अधिकारात खाती जे नियम करतात ते त्या अधिकाराच्या बाहेर जातात का हे तपासायला. या दोन्ही समित्या आजही चालू आहेत. वटहुकमांबद्दल तर त्यांनी नेहरूंना पत्रं लिहून लिहून सांगितलं की ही लोकशाहीची पद्धत नाही, अगदीच तातडी असेल तरच काढा. स्वतःच्याच पक्षाचं सरकार आणि त्याचा पंतप्रधान नेहरूंएवढा मोठा माणूस असताना हे लिहायला धाडस लागतं.

पण ते पक्षातून बाहेर पडले नव्हते, आणि माझ्या मते विरोधकांची तक्रार इथूनच सुरू होते. ब्रिटनमधला स्पीकर पक्ष सोडतो, मावळणकरांचं म्हणणं होतं की आपल्याकडे अजून ती परंपरा नाही, पक्षाच्या वादांत पडायचं नाही एवढं मी पाळेन. मला हे पूर्ण पटत नाही. 18 डिसेंबर 1954 ला त्यांना हटवण्याचा ठराव चर्चेला आला, लोकसभेतला असा पहिलाच, उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार खुर्चीत बसले, आणि नेहरूंनी आपल्या खासदारांना सांगितलं की व्हिपने, म्हणजे मतदानाबद्दलच्या पक्षाच्या आदेशाने, बांधलेले आहोत असं समजू नका. ठराव पडला. ही चर्चा सलग वाचावी अशी आहे, दोन्ही बाजूंची. विरोधकांचे मुद्दे वाचताना मला ते सगळे खोटे अजिबात वाटले नाहीत आणि तरी दादासाहेबांबद्दलचा आदर कमी झाला नाही.

आता वापरायचं कसं ते. नुसतं नाव टाकून शोधू नका, इंग्रजीत मावळणकर दोन-तीन प्रकारे लिहितात, त्यामुळे तारीख माहीत असेल तर तारखेने जा, तेच सोपं. पहिल्या लोकसभेचं छापील कामकाज दोन भागांत आहे, पहिल्या भागात प्रश्नोत्तरं आणि दुसऱ्या भागात बाकी सगळं, तेव्हा ठराव, निवडणूक, भाषणं हवी असतील तर दुसरा भाग उघडा. पानं जुन्या छपाईची स्कॅन केलेली, फोनवर वाचताना डोळे दुखतात, लॅपटॉप बरा. भाषा बहुतेक इंग्रजी, हिंदीत झालेली भाषणं देवनागरीत. मराठीत काही नाही आणि ही माझ्या दृष्टीने मोठी उणीव आहे, निदान महाराष्ट्रातल्या खासदारांच्या निवडक भाषणांचा मराठी अनुवाद तरी असावा, मोरे, मावळणकर, बॅरिस्टर नाथ पै, एवढे जरी केले तरी कॉलेजची पोरं वाचतील.

पाचपैकी साडेचार. लॉ करणाऱ्यांनी, स्पर्धा परीक्षावाल्यांनी आणि टीव्हीवर संसदेचा गोंधळ बघून वैतागलेल्या प्रत्येकाने वापरावी. सुरुवात 15 मे 1952 पासून करा, मग 18 डिसेंबर 1954, आणि वेळ असेल तर 1951 सालचं मुद्गल प्रकरण, मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेतले म्हणून एका सदस्याची चौकशी झाली होती, तेव्हाही खुर्चीत दादासाहेबच होते.