रिटायरमेंटच्या वर्षासाठीचं जळगावचं शिबिर : नक्की जा

मी यंदा ५८ पूर्ण करून शाळेतून रिटायर होतेय, म्हणून रिटायरमेंटच्या वर्षाचे बेत आखायचं हे शिबिर केलं आणि खरंच मनापासून सांगते, फार कामाचं आहे. वर्षभराचा मोठा संकल्प करायला लावतच नाहीत, तीन-तीन महिन्यांचं ठरवायचं आणि प्रत्येक गोष्टीपुढे दोन रकाने, किमान एवढं आणि जमलं तर एवढं. मी मेहरूण तलावाला रोज फेरी लिहिलं होतं तर शिबिर घेणाऱ्या ताई म्हणाल्या, मे महिन्यात जळगावचं ऊन पाहता घरातच व्यायाम लिहा, तलाव हिवाळ्यात. किती साधं, पण सुचत नाही ना आपल्याला! पहिली तिमाही फक्त पेन्शनची कागदपत्रं आणि आराम, हे तर मला फारच पटलं. पैशांचा भाग मात्र घाईत उरकला, सीनियर सिटिझन स्कीममध्ये (ज्येष्ठांसाठीची सरकारी बचत योजना) ३० लाखांपर्यंत ठेवता येतात एवढंच सांगितलं, पण ६० च्या आत रिटायर होणाऱ्यांनी रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यावर तीन महिन्यांत खातं उघडायचं असतं हे सांगायलाच हवं होतं. जोडीने जा, कारण दोघांचे बेत वेगळे निघतात आणि ते तिथेच बोलून होतं.