खड्डा मी खणला, बाटली मी काढली, तरी फसलो

सोलापुरात आमचं मेडिकल दुकान आहे, आण्णांपासूनचं. आण्णांच्या वेळी कंपाउंडर मिक्श्चर बनवून बाटलीत भरून द्यायचा आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायचा, कात्रीनं खाचा पाडलेली, एक खाच म्हणजे एक डोस. माळा साफ करताना तसल्या चार बाटल्या सापडल्या, एकीवर पट्टी अजून शाबूत, आणि तिथनं मला जुन्या बाटल्यांचा नाद लागला. बायको म्हणायची भंगारवाल्याचं दुकान काढा आता. तिचं ऐकलं असतं तर ४२ हजार वाचले असते.

त्या माणसाची ओळख भंगार बाजारात झाली. पन्नाशीचा, बोलायला लई गोड, मालक मालक करून बोलणारा. म्हणाला मालक तुम्ही दुकानातनं कशाला घेता, मी तुम्हाला जमिनीतनं काढून देतो. त्याचं म्हणणं असं की सोलापुरात १८७७ ला पहिली मिल झाली, पुढं गिरण्या वाढल्या, गोरे साहेब लोक राहायला आले, त्यांच्या सोड्याच्या दारूच्या औषधाच्या बाटल्या गावाबाहेर राखेच्या ढिगात टाकायचे, ती जागा मला माहितीय. मिलचं खरं आहे हो, त्यामुळं पुढचं पण खरं वाटलं. वॉचमनला ३ हजार द्यायचे, आणि जे निघेल ते नगाला ३ हजार, नाय निघालं तर पैसे नाय. यात फसवण्यासारखं काय आहे, मीच खणणार होतो की!

एप्रिलमधला रविवार, सकाळी सहाला गेलो कारण आठनंतर आपल्याकडं ऊन काय असतं सांगायला नको. त्यानं काठीनं रेघ मारून दिली, म्हणाला इथं बघा. दोन तासात सहा बाटल्या. सहाच्या सहा अख्ख्या, एकीला टवका नाय. गळ्यात गोटी असलेल्या तीन सोड्याच्या, दोन तपकिरी औषधाच्या, आणि एक निळीशार, अंगावर उभ्या रेघा आणि उठावाच्या इंग्रजी अक्षरात ‘नॉट टू बी टेकन’. ही विषाची बाटली, अंधारात हाताला रेघा लागल्या की कळावं म्हणून तशी करायचे. ती हातात आली तेव्हा माझे हात थरथरत होते, खोटं नाय सांगत. १८ हजार तिथंच मोजून दिले, वर चहा पाजला.

आता जे दिसत होतं आणि मी बघितलं नाय ते सांगतो. जुन्या उकिरड्यात फुटकी काचच जास्त असते, कपबशीचे तुकडे, गंजलेलं लोखंड, कोळशाची खंगर, आणि त्यात एखादी अख्खी बाटली. माझ्या खड्ड्यात फुटकी काच नव्हतीच. माती काळी, आणि बाटल्यांच्या पोटात लाल मुरूम. काळ्या रानात बाटली पडून राहिली तर तिच्या पोटात मुरूम कुठनं येईल? आणि सगळ्यात कहर म्हणजे निळ्या बाटलीच्या खाली, खाली बरं का, गुटख्याची पुडी होती. मी म्हणलं वरनं उडून पडली असेल. माणसाला जे पाहिजे तेच दिसतं बघा.

पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन, मुंबईची एक पार्टी आहे, तुमचा नंबर देऊ का. पार्टी बोलायला एकदम सभ्य, फोटो मागवले, म्हणाली सहा आहेत पण लोळती बाटली असली तर सेटचे सव्वा लाख देतो. लोळती म्हणजे बुडाला निमुळती, उभी राहतच नाही, आडवी ठेवली की आतला सोडा बुचाला लागून राहतो, बूच सुकत नाय आणि गॅस जात नाय. मी आपल्या माणसाला विचारलं तर काय योगायोग, त्याच्या पाहुण्याकडं अक्कलकोटला एक आहे, पण तो २१ हजाराच्या खाली येत नाय. यूपीआयनं पाठवले. बाटली आली, आणि दुसऱ्या दिवसापासनं पार्टीचा फोन बंद.

मग त्या रात्री बाटल्या टबात भिजत टाकल्या. सकाळी बघतो तर माती विरघळलीच नाय, पापुद्र्यासारखी सोलून निघाली, उन्हात भाजलेल्या पाठीचं कातडं निघतं तशी. फेविकॉलमध्ये कालवून फासली होती! खाली काच नवी चकचकीत. निळ्या बाटलीच्या साच्याची रेघ बुडापासनं थेट तोंडाच्या काठावर गेलेली. पूर्वी बाटलीचं तोंड शेवटी हातानं घडवायचे, त्यामुळं रेघ मानेतच संपते, काठापर्यंत जाते ती मशीनची. मशीन आली १९०३ नंतर. हे मी आधी वाचलं होतं हो, पण नख फिरवून बघायचं सुचलं नाय. गोटीवाल्या घेऊन नव्या पेठेत सोडेवाल्याकडं गेलो तर तो हसला, आवो मालक ह्या आमच्याकडं क्रेटनं येतात, यूपीत अजून बनतात की.

खड्डा दाखवणाऱ्या त्या माणसाला फोन केला तर गडी घाबरला नाय, उलट मलाच दम. १९७२ चा पुरावस्तूचा कायदा आहे मालक, शंभर वर्षापुढची वस्तू बिनपरवाना विकायला निघाला होता, खणलं कुणी, तुम्ही, आणि माझ्याकडं व्हिडिओ आहे. चार दिवस झोप नाय आली. कायदा खरा आहे, शिवाय १८७८ चा एक आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयाच्या वरचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. शेवटी मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणाला, का बे, बाटल्या नकली आहेत म्हणतोस, मग शंभर वर्षाचा कायदा तुला कसा लागेल? एवढं साधं डोक्यात आलं नव्हतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन केला, पण मधे बारा दिवस गेलेले. रोख २१ हजाराचा पुरावा नाय, यूपीआयचे तेवढे नोंदवून घेतले. व्यवहार झाला की लगेच लावायला पाहिजे होता. वॉचमन म्हणून ज्याला ३ हजार दिले तो तिथला नव्हताच, परत गेलो तेव्हा खड्डा बुजवलेला आणि शेजारी नवीन रेघ मारलेली.

निळी बाटली दुकानात काउंटरवर ठेवलीय, बायकोनं त्यात मनी प्लांट लावलाय. परवा एक गिऱ्हाईक क्रोसिन घ्यायला आलं, त्या बाटलीकडं बघतच राहिलं, मग हळूच मोबाईल काढून फोटो दाखवला. काळी माती, निळी बाटली, तोंडाशी लाल मुरूम. म्हणलं बसा, चहा सांगतो.