पुणे महापालिकेचा मिळकतकर : भरणा सोपा, हरकतीचा दरवाजा अरुंद

पैसे भरायचे असतील तर पुण्यात मिळकतकराचं काही अडत नाही. महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकला की बिल थकबाकीसह समोर येतं, यूपीआयनं भरता येतं, पावती लगेच उतरवून घेता येते. बिल दोन सहामाह्यांत विभागलेलं असतं, पण वर्षाच्या सुरुवातीलाच सगळं भरलं तर सर्वसाधारण करात सूट मिळते: वार्षिक करपात्र रक्कम (ती कशी निघते ते पुढे पाहू) २५ हजारांपर्यंत असेल तर १० टक्के, त्यापुढे ५ टक्के. मुदत एरवी ३१ मेपर्यंत असते. ती कधीकधी वाढते, पण वाढेलच या भरवशावर राहू नये. एवढ्या भागाला पाचपैकी साडेचार गुण सहज द्यावेत.

आकारणीच चुकली असेल तर ती दुरुस्त करून घेण्याची सोय मात्र तितकी सरळ नाही. बहुतेक लोक बिल हातात पडल्यावर जागे होतात. कायद्याच्या हिशेबानं तोवर बराच उशीर झालेला असतो, कारण लढाई बिलाशी नसून त्याआधी येणाऱ्या विशेष नोटिशीशी असते.

आधी आकडा कसा बनतो ते पाहू. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे. पुण्यात अजून भाड्याचं गणित चालतं, म्हणजे ही जागा भाड्यानं दिली तर वर्षाला किती येईल असं धरलेलं वाजवी भाडं. भाग, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांवरून दर चौरस फुटाला महिन्याचा दर ठरतो. त्याला क्षेत्रफळानं आणि १२ नं गुणायचं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, की वार्षिक करपात्र रक्कम मिळते. समजा ६०० चौरस फूट आणि हिशेबापुरता २ रुपये दर धरला, तर वर्षाचे १४,४०० आणि वजावटीनंतर १२,९६० रुपये. मालक स्वतः राहत असेल तर त्यात ४० टक्के सवलत, म्हणजे ७,७७६. याच रकमेवर सर्वसाधारण कर, पाणी, मलनिस्सारण वगैरे टक्केवारीनं लागतात. सवलत गेली की बिल दीडपटीच्याही वर जातं ते यामुळेच. १२,९६० ला ७,७७६ नं भागून बघा.

या सवलतीचा इतिहास माहीत असलेला बरा. १९७० पासून पुणेकरांना ती मिळत होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांनंतर राज्य सरकारनं ती थांबवली आणि २०१९ पासून नव्या मिळकतींची आकारणी सवलतीविना झाली. मधल्या काळात मिळकतींच्या जीआयएस (संगणकीय नकाशांवर आधारित) सर्वेक्षणात ज्या घरांवर ‘भाडेकरू’ असा शिक्का बसला, त्यांतल्या अनेकांचीही ती गेली. २०२३ मध्ये सरकारनं ती पुन्हा लागू केली, पण आपोआप नव्हे. पीटी-३ अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे (आपल्या भागाचा मिळकतकर पाहणारा पालिकेचा कर्मचारी) द्यायचा, सोबत २५ रुपये शुल्क. स्वतः राहत असल्याचं सोसायटीचं पत्र आणि मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, शिधापत्रिका किंवा गॅसचं कार्ड यांपैकी एक पुरावा जोडायचा. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही लागते. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पत्त्यामुळे: ओळखपत्रावर जुनं घर आणि अर्जात नवं. आधी पत्ता बदलून घ्यावा, मग अर्ज करावा. हे सवलतीचं प्रकरण आहे, मूल्यनिर्धारणाच्या हरकतीचं नाही. दोन्ही एका अर्जात कोंबले की दोन्ही रेंगाळतात.

आता नोटीस. मिळकत पहिल्यांदा आकारणीत आली किंवा करपात्र रक्कम वाढवली, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या करविषयक नियमांनुसार विशेष नोटीस द्यावीच लागते, आणि हरकतीची मुदत तिच्यावरच लिहिलेली असते. मुदत थोड्या दिवसांची असते, शिवाय घोळ पत्त्यापासूनच सुरू होतो. नवीन इमारतीत नोटीस बिल्डरच्या नावानं निघते, फेरविक्रीच्या सदनिकेत जुन्या मालकाच्या. खरेदीखतानंतर ३ महिन्यांत हस्तांतरणाची सूचना देणं नियमानं बंधनकारक आहे. ती दिली नाही तर कराची जबाबदारी विकणाऱ्यावरही राहते आणि घेणाऱ्याला नोटिशीचा पत्ताच लागत नाही. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) हातात आला की त्याच आठवड्यात नावबदलाचा अर्ज टाकावा. (बिलावर नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली, हा समज मात्र सोडून द्यावा.)

नोटीस मिळाली की तिच्यातल्या चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, क्षेत्रफळ: बाल्कनी, गच्ची, पार्किंग धरलंय का, आणि असेल तर कोणत्या दरानं. दुसरी, वापर: एका खोलीत दवाखाना किंवा शिकवणी असेल तर अख्खी सदनिका बिगरनिवासी धरली जाऊ शकते, आणि बिगरनिवासी दर कितीतरी पटीनं जास्त असतो. तिसरी, आकारणीची तारीख, जी भोगवटा पत्राच्या (इमारत वापरायला दिलेल्या परवानगीच्या) तारखेशी ताडून पाहावी. चौथी, दुबार आकारणी, म्हणजे एकाच जागेची दोन खाती. हा प्रकार वाटतं त्याहून जास्त सापडतो, विशेषतः बिल्डरनं आधी एकत्र आकारणी करून घेतलेल्या इमारतींत.

हरकतीचा अर्ज लांबलचक नको. नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, मिळकत क्रमांक, मग प्रत्येक मुद्दा वेगळ्या परिच्छेदात, आणि शेवटी तुमच्या मते करपात्र रक्कम किती असावी तो आकडा. हा आकडा लोक लिहितच नाहीत, आणि मग सुनावणी घेणाऱ्याला ‘हरकत अमान्य’ लिहिणं फार सोपं जातं. सोबत इंडेक्स टू, मंजूर नकाशाचं संबंधित पान, भोगवटा पत्र, वास्तुविशारदाच्या सहीचं मोजमाप आणि वीजबिल. घरगुती दराचं वीजबिल निवासी वापराचा चांगला पुरावा ठरतं. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये.

शेजारच्या बिलाशी तुलना हे चांगलं हत्यार आहे, पण चुकीच्या हातात बोथट होतं. पुण्यात मिळकत ज्या काळात आकारणीत आली त्या काळचा दर तिला चिकटून राहतो. त्यामुळे रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत तेवढ्याच सदनिकेचा कर निम्मा असला तरी ती तुलना सुनावणीत टिकत नाही. त्याच इमारतीतली किंवा त्याच सुमारास भोगवटा पत्र मिळालेली लगतची इमारत निवडावी. कराची टक्केवारीच जास्त आहे, रस्ते खराब आहेत, पाणी एक वेळ येतं, या तक्रारी इथे निरुपयोगी. करांचे दर दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत महापालिकेच्या मुख्य सभेत ठरतात. ते भांडण तिथलं.

सुनावणी होते, अनेकदा समजून घेऊन होते. पेठ निरीक्षक जागा पाहायला आला तर निम्मं काम होतं. पण तोंडी ‘करून टाकतो’ला किंमत शून्य. लेखी निर्णय मागावा, आणि तोही लवकर, कारण पुढची पायरी घड्याळावर चालते. त्याच अधिनियमाच्या कलम ४०६ खाली अपील पुण्यात लघुवाद न्यायालयात होतं. ते १५ दिवसांत करावं लागतं आणि कलम ४०७ नुसार ही मोजणी तक्रार निकाली निघाल्याच्या दिवसापासून आहे. आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली असणं ही पूर्वअट. बिल निघालेलं असेल तर मागणीची रक्कम आधी महापालिकेकडे जमा करावी लागते. यातलं काही चुकलं तर प्रकरणाच्या गुणदोषांत न शिरता अपील फेटाळलं जाऊ शकतं. घर घेताना आधीच कर्ज काढलेल्या माणसाला पूर्ण रक्कम भरून मग भांडायला सांगणं कायदेशीर असेल, न्याय्य वाटत नाही. लघुवाद न्यायालयाच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात जाता येतं, पण साध्या दोन खोल्यांच्या सदनिकेसाठी वकिलाचा खर्चच जास्त होतो.

हरकत चालू आहे म्हणून बिल अडवून ठेवणं हा सगळ्यात महागडा डाव. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे वर्षाला २४. निषेध नोंदवून, लेखी पत्रासह भरावं. हक्क जात नाही.

भरण्याला साडेचार, हरकतीच्या सुनावणीला तीन, नोटीस पोचवण्याला एक. जास्तीत जास्त सुधारणा याच शेवटच्या जागी हवी आहे: नोटीस निघाल्याचा संदेश मोबाइलवर, आणि मुदत तिथून मोजली जावी.

हरकत मान्य झाली तर काम तिथे संपलं असं समजू नका. पुढच्या बिलात करपात्र रक्कम उतरलेली दिसेल, पण थकबाकीच्या रकान्यात जुन्या आकड्यावरची शास्ती तशीच उभी आहे का ते पाहावं. असेल तर निर्णयाची प्रत जोडून फेरहिशेबाचा आणि जादा भरलेली रक्कम वळती करण्याचा वेगळा अर्ज द्यावा, आणि त्याचाही आवक क्रमांक घ्यावा.