सहा शनिवारांपैकी चौथा शनिवार

मी नाशिकला घरी बसून मराठीतून इंग्रजीत भाषांतराची कामं करते. सातबाराचे उतारे, जन्मदाखले, वारसांची प्रतिज्ञापत्रं, शिकायला बाहेर निघालेल्या मुलांचे कागद. १४ वर्षं झाली. मागच्या वर्षी परदेशात पाठवलेलं एक काम लाल रेघा मारून परत आलं. ‘द मेन्शन्ड डॉक्युमेंट्स’खाली एक रेघ, ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’खाली दोन. कारण कुठंच लिहिलेलं नव्हतं. म्हणून हा ऑनलाइन व्याकरणाचा क्लास लावला. सहा शनिवार, दीड-दीड तास, फी २,४०० रुपये.

पहिले तीन शनिवार आर्टिकल्स आणि प्रिपोझिशन्समध्ये गेले. शाळेत झालंय ते सगळं. मी एकीकडे मेथी निवडत ऐकलं.

चौथ्या शनिवारी मात्र मेथी बाजूला ठेवली. विषय होता ‘गेलेली’, ‘स्टोलन’सारखी क्रियापदापासून झालेली विशेषणं: ती नामाच्या आधी (पुढे) ठेवायची की नंतर (मागे). मॅडमनी विचारलं, ‘काल रात्री बसस्टँडवरून चोरीला गेलेली मोटारसायकल’, यात ‘गेलेली’च्या आधी किती शब्द आले? मराठीत ‘-लेला’ येतो नामाच्या आधीच, आणि त्याची सगळी वरातही आधीच. इंग्रजीत नुसती ‘स्टोलन मोटरसायकल’ चालते, पण ‘फ्रॉम द बसस्टँड’ जोडायचं म्हटलं की ‘स्टोलन’ला उचलून मोटारसायकलीमागे न्यावं लागतं. आपण सवयीनं ते पुढेच ठेवतो आणि अडकतो.

एकट्या शब्दाचं दुखणं वेगळं. खिडकी फुटली की फुटलेलीच राहते, तो तिचा गुण झाला, म्हणून ‘ब्रोकन विंडो’. पोलिसांनी चार जणांची चौकशी केली, तर ते काही त्या माणसांच्या अंगाला चिकटत नाही. ती घडलेली गोष्ट. म्हणून ‘द पीपल क्वेश्चन्ड’, उलट नाही. माझे डॉक्युमेंट्सही याच घरातले: ‘द डॉक्युमेंट्स मेन्शन्ड’. गंमत म्हणजे ‘अबव्ह-मेन्शन्ड’ केलं तर ते बिनदिक्कत पुढे येऊन बसतं.

आणि ‘कन्सर्न्ड’! नामामागे असेल तर संबंधित. पुढे आलं तर काळजीत पडलेला. म्हणजे १४ वर्षं मी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना चिंतेत टाकत होते. आपल्याकडच्या सरकारी पत्रांत ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’ सर्रास असतो आणि कुणाचं अडतही नाही, त्यामुळे इथल्या कोर्टाच्या कागदांत मी तो बदलणार नाही. व्हिसाच्या कागदांत मात्र आता ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’. ‘इन्व्हॉल्व्ड’चंही तसंच: मागे असेल तर गुंतलेली माणसं, पुढे असेल तर गुंतागुंतीची गोष्ट.

तक्रारी आहेत. ‘रिटायर्ड टीचर’ चालतो, ‘अराइव्ह्ड गेस्ट्स’ चालत नाहीत, पण ‘रीसंटली अराइव्ह्ड गेस्ट्स’ चालतात, हे का, असं एकानं विचारलं तर उत्तर मिळालं, “वाचत राहा, कानाला कळेल.” वाचून कळलं असतं तर पैसे कशाला भरले असते? रेकॉर्डिंग सात दिवसांत गायब होतं, हे फी भरल्यावर कळतं. सरावाच्या वाक्यांत सगळे लोक टेनिस खेळतात आणि सँडविच खातात. एखादा गहाणखताचा कागद घेतला असता तर आमच्यासारख्यांना कामाला आला असता. सहावा शनिवार तर नुसती पुढच्या बॅचची जाहिरात.

त्याच रात्री ग्रुपवर ऑफिसचा मेसेज आला: ‘द कन्सर्न्ड स्टुडंट्स शुड पे द बॅलन्स फी.’ माझे ४०० बाकी होते, त्यामुळे माझ्यापुरतं दोन्ही अर्थांनी बरोबरच होतं.

पाचपैकी तीन तारे. चौथा शनिवार सुटा विकत मिळत असेल तर तेवढाच घ्या.