रस्ट घ्यावी की गो? मशीनवरचा डबा आणि त्यामागचा सर्व्हर

निपाणीचा एक धाकटा मित्र नवी कंपनी काढतोय. शेतातल्या पंपावर बसवायचा इलेक्ट्रॉनिक डबा आणि त्या डब्यांचे आकडे गोळा करणारा सर्व्हर, असं त्याचं काम. सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा येतेच आहे, तीच धरावी, की गो किंवा थेट रस्ट यांपैकी दुसरी भाषा घ्यावी, असं त्यानं विचारलं. आम्ही बेळगावात उद्यमबागेतल्या व्हीएमसी (धातू कापणाऱ्या संगणकी) मशीनवर असेच डबे बसवतो, म्हणून जे सांगतोय ते तिथल्या अनुभवाचं.

आमचा पहिला डबा सी प्लस प्लसमध्ये होता. एका थ्रेडनं (प्रोग्रामचा एकाच वेळी चालणारा एक धागा) आरएस-४८५ च्या वायरवरून कंट्रोलरचे आकडे वाचून बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचे, दुसऱ्यानं ते सर्व्हरला पाठवायचे. वायर ढिली होऊन कनेक्शन तुटलं की पहिला थ्रेड बफर मोकळा करायचा आणि दुसरा कधीतरी नेमका त्याच क्षणी त्यातून वाचायला जायचा. ऑफिसात टेबलावर महिनाभर चालवला, काही झालं नाही. शॉपफ्लोअरवर मात्र रात्रपाळीत बंद पडायचा. करंट जाऊन आला की पुन्हा सुरू, त्यामुळे आम्ही सप्लायलाच दोष देत बसलो. खरी चूक सापडायला तीन आठवडे गेले. फाउंड्रीवाल्याला हे लगेच कळेल. कास्टिंग वरून गुळगुळीत दिसतं, आतला ब्लोहोल (हवेची पोकळी) उघडा पडतो तो मशीनिंगला, आणि तोवर भट्टीचा, मजुरीचा, टूलचा खर्च होऊन गेलेला असतो.

रस्ट ही चूक पॅटर्नशॉपमध्येच, म्हणजे साचा बनतानाच, धरते. तिच्यात प्रत्येक वस्तूला एकच मालक. बफर दुसऱ्या थ्रेडच्या हवाली केल्यावर पहिल्यानं त्याला हात लावला, तर कंपाइलर (कोडचा प्रोग्राम बनवणारं साधन) ई०३८२ ही चूक ओळीसकट दाखवतो आणि प्रोग्राम तयारच होत नाही. दोघांनाही बफर लागणार असेल तर आर्क (सामायिक मालकी) आणि म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आहेत, पण ती वाटणी कोडमध्ये उघड लिहावी लागते. गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) नसल्यानं छोट्या चिपवरही ती चालते. गूगलनं अँड्रॉइडचा नवा कोड जास्तीत जास्त अशा मेमरी-सुरक्षित भाषांत लिहायला घेतला, तेव्हा एकूण सुरक्षा-त्रुटींमधला मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. जुना कोड बहुतेक तसाच ठेवून हे साधलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणजे सगळं पाडून बांधायची गरज नाही.

आमची ती बफरची चूक गोमध्येही झाली नसती. तिथं मेमरी मोकळी करायचं काम गार्बेज कलेक्टरचं. पण दोन गोरुटीन (गोमधले हलके थ्रेड) एकाच मॅपमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, एकदम लिहायला लागल्या तर कंपाइलर अडवत नाही. अशी धडक शोधणारा रेस डिटेक्टर आहे, तो चूक दाखवतो खरी, पण चाचणीत तो प्रसंग घडला तरच.

आता शिकण्याचं. आमच्याकडे खानापूरहून रोज ये-जा करणारी एक मुलगी आहे. कॉलेजात सी आणि पायथन शिकलेली. गो तिनं दोन आठवड्यांत उचलली. रस्टला दोन महिने लागले. एका संध्याकाळी वैतागून म्हणाली, "दादा, हा कंपाइलर ऐकतच नाही बघा. सगळीकडे क्लोन (वस्तूची नक्कल) घातलंय, आता तरी चालेल की."

"चालेल गं, पण बफर कुणाचं ते आधी कागदावर ठरव."

दुसऱ्या दिवशी तिनं अकरापैकी नऊ क्लोन काढून टाकले. तो कोड आजही ग्राहकाच्या मशीनवर चालतोय, आणि त्यासाठी रात्री फोन आलेला नाही. मला हे दोन महिने वसूल झाले. पण ज्याच्या हातात सहा महिन्यांचेच पैसे आहेत, त्याला ते परवडतील असं मी म्हणणार नाही.

शिवाय आपल्या गावात पोरं टिकत नाहीत. पुणे आणि बंगळूर, दोन्ही एका रात्रीच्या बसवर. सोडून गेलेल्याचा गोमधला कोड नवा माणूस आठवड्यात वाचू शकतो, कारण भाषा लहान आहे आणि गोएफएमटी या कोड एकसारखा मांडणाऱ्या साधनामुळे सगळ्यांचा कोड सारखाच दिसतो. रस्ट जाणणारा एकच असेल आणि तोच गेला, तर डबा पोरका.

वेगासाठी म्हणून रस्ट घेऊ नये. आपल्या सर्व्हरला गोचा वेग भरपूर होतो. डिस्कॉर्ड या चॅटच्या कंपनीनं एक सेवा गोमधून रस्टमध्ये नेल्याचं २०२० मध्ये सांगितलं, कारण दर दोन मिनिटांनी गार्बेज कलेक्टर चालला की उत्तर यायला उशीर व्हायचा. त्यांचा व्याप कुठं, दोन-तीनशे पंप कुठं!

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. लॅपटॉपवर बसून एआरएम चिपच्या बोर्डासाठी गोचा प्रोग्राम तयार करणं अगदी सोपं, दोन सेटिंग बदलली की झालं. पण कंट्रोलर विकणारे त्यांची लायब्ररी सीमध्ये देतात. ती जोडायला सीगो (गोला सी जोडणारी सोय) वापरलं की हा सोपेपणा जातो, त्या बोर्डाचा सी कंपाइलर लागतो. रस्टमध्ये लिंकरची (प्रोग्रामचे तुकडे जोडणाऱ्या साधनाची) खटपट पहिल्यापासूनच असते, आणि सी लायब्ररीला हाक मारायची तर तेवढा भाग 'अनसेफ' अशी खूण केलेल्या कोडमध्ये. तिथं कंपाइलरची पूर्ण राखण नसते, आपणच डोळ्यांत तेल घालून बघायचं.

मित्राला मी सांगितलं ते असं. सर्व्हर गोमध्ये, त्यात विचार करत बसू नकोस. डब्यात साधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एक छोटी चिप, असेल तर नेहमीची गो तिथं चालणारच नाही, रस्ट घे. लिनक्सचा बोर्ड असेल आणि रस्ट शिकायला दोघं तयार असतील तरीही रस्टच, कारण भर पावसात उसाच्या चिखलातून जाऊन डबा रीसेट करणं कोणत्याही शिकवणीपेक्षा महाग पडतं. एकटाच तयार असेल तर सध्या डबाही गोमध्ये लिही. आणि रस्ट घेतलीस तर सुरुवात मॉडबसची (यंत्रांच्या संदेशांची ठरलेली पद्धत) फ्रेम, म्हणजे एक संदेश, वाचणाऱ्या तुकड्यापासून कर. तुझ्या सी प्लस प्लसमध्ये तो दोन-तीनशे ओळींचा असेल. दोघांनी मिळून तो पंधरा दिवसांत उतरवून बघा, मग पुढचं ठरवू.