रोमेनियन बोलणाऱ्या मुलांच्या वसंत कार्यशाळा: एका मोसमानंतरचा अनुभव

मी साताऱ्याची, नवरा उत्तर रोमेनियातल्या सुचावाचा आणि आमचा संसार जर्मनीत, न्यूरेंबर्गला. मुलगी सात वर्षांची. मराठी तिची तशी बरी आहे, कारण साताऱ्याची आजी रोज फोनवर तिचा पिच्छा पुरवते. रोमेनियनची मात्र पंचाईत होती. बाबा रोमेनियनमध्ये विचारणार आणि ही जर्मनमध्ये उत्तर देणार. सगळं कळतं, बोलायचं मात्र नाही. परदेशात वाढलेल्या मुलांच्या घरी हे चित्र नवं नाही.

म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचं नाव इथल्या रोमेनियन पालकांच्या एका छोट्या गटाच्या वसंत कार्यशाळांना घातलं. शनिवारी दुपारी अडीच तास, चर्चचा भाड्याने घेतलेला हॉल, ५ ते १२ वर्षांची मुलं, दोन शिक्षिका आणि मदतीला आळीपाळीने पालक. तेव्हा एका दुपारचे १२ युरो होते, सामान त्यातच. ईस्टरपर्यंतचा मोसम आणि नंतरचे उन्हाळ्यातले काही शनिवार झाल्यावर हे लिहितेय.

विषय वसंतच का? कारण रोमेनियन पंचांगात फेब्रुवारीअखेरपासून सणांची रांगच लागते. २४ फेब्रुवारीला द्रागोबेते, म्हणजे प्रेमाचा दिवस; या दिवशी पक्षी जोड्या जमवतात असं मानतात. १ मार्चला मर्त्सिशोर. १ ते ९ मार्च ‘म्हातारीचे दिवस’. ९ मार्चला चाळीस ख्रिस्ती हुतात्म्यांचा सण. मग रोमेनियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चचा पाम संडे, म्हणजे ईस्टरआधीचा रविवार, आणि ईस्टर. २०२४ मध्ये २४ फेब्रुवारी आणि ९ मार्च दोन्ही शनिवारी आले, त्यामुळे सण आणि वर्ग एकाच दिवशी जमले. दरवर्षी असं जमणार नाही.

मर्त्सिशोर म्हणजे लाल-पांढऱ्या दोऱ्यांचा पीळ, त्याला एखादं छोटं लटकन. मार्चभर अंगावर वागवायचा आणि महिनाअखेरीला मोहरलेल्या झाडाच्या फांदीला बांधायचा. २०१७ मध्ये युनेस्कोने ही प्रथा रोमेनिया, बल्गेरिया, मोल्दोव्हा आणि उत्तर मॅसिडोनिया अशा चार देशांच्या नावावर वारसा यादीत घेतली. कार्यशाळेत पीळ घालायला दोघांनी समोरासमोर उभं राहून दोऱ्याची टोकं धरायची होती, दोघांनीही आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. इथे बोलल्याशिवाय काम होतच नाही. ‘धर’, ‘सोडू नको’, ‘घट्ट’ हे सगळं रोमेनियनमध्येच, कारण जोडीदार मुलगा नुकताच मोल्दोव्हाच्या राजधानीहून, किशिनाऊहून, आला होता आणि त्याला जर्मन येत नव्हतं. माझ्या मते संपूर्ण मोसमातली सगळ्यात हुशार जोडी लावणं ते हेच. ती योजना होती की योगायोग, विचारलं नाही.

मोल्दोव्हातली मुलं या गटात बरीच आहेत. त्या देशाच्या संसदेने मार्च २०२३ मध्ये कायद्यांमधून ‘मोल्दोव्हन’ हा भाषेचा उल्लेख काढून रोमेनियन लिहिलं. जाहिरातीत ‘रोमेनियन मुलांसाठी’ न म्हणता ‘रोमेनियन बोलणाऱ्या मुलांसाठी’ म्हटलंय ते त्यामुळे.

मर्त्सिशोरच्या वर्गात एक वादही झाला. बुखारेस्टकडच्या एका मुलाने जाहीर केलं की मर्त्सिशोर मुलींचा असतो, मी लावणार नाही. माझा नवरा त्या दिवशी मदतीला होता. तो म्हणाला, आमच्याकडे उत्तरेत मुलगेही लावतात, मी लावायचो. मग सगळी मुलं आपापल्या आई-बापाला विचारत सुटली. शिक्षिकेने वाद मिटवला नाही, चालू दिला. तिला त्यासाठी पूर्ण गुण.

हुतात्म्यांच्या सणाला याचीच पुढची आवृत्ती. या दिवशी मुचेनिच करतात, कणकेचे 8 च्या आकाराचे. सुचावाकडच्या पद्धतीत ते चांगले मोठे असतात, भाजून वर मध आणि अक्रोडाची पूड. दक्षिणेकडे अगदी छोटे, साखर-दालचिनीच्या पाण्यात उकडून अक्रोड घालून वाडग्यातून खायचे. हॉलला ओव्हन नाही, त्यामुळे उकडलेले केले. नवरा घरी येईपर्यंत धुमसत होता. आपल्याकडे मोदक उकडीचे की तळणीचे यावर जेवढं तापतात, तेवढंच.

आता मला सर्वांत आवडलेला वर्ग, ‘म्हातारीच्या दिवसां’चा. त्यात गोंद नव्हता, कात्री नव्हती. बाबा दोकिया (रोमेनियनमध्ये ‘बाबा’ म्हणजे म्हातारी) नावाची म्हातारी मार्च लागला की वसंत आला समजून डोंगरावर निघते, ऊन लागतं म्हणून अंगावरचे मेंढीच्या कातड्याचे कोट एकेक करून टाकते आणि शेवटी थंडीने गोठून दगड होते, अशी गोष्ट आहे. १ ते ९ मार्चमधला एक दिवस प्रत्येकाने आधीच निवडायचा. त्या दिवशी जसं हवामान, तसं तुमचं वर्ष, किंवा तसा तुमचा स्वभाव. मुलांनी तक्ता केला आणि घरी जाऊन रोमेनियातल्या कुणाला तरी फोन करून त्यांचा दिवस विचारून यायचं, असा गृहपाठ. आमच्या कन्येने बुनिकाला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आपणहून फोन लावला. सासूबाईंनी आधी विचारलं, काय झालं, कोण आजारी आहे? एरवी नात बाबांच्या मागे लपते. त्या दिवशी दोघी हवामानावर बराच वेळ बोलल्या. मग शेजारणींचे दिवस आणि त्यांचे स्वभाव निघाले. ते मी ऐकायला नको होतं.

अंड्यांची कार्यशाळा एप्रिलअखेरीला होती आणि तिचे पैसे वेगळे. त्या वर्षी जर्मन ईस्टर ३१ मार्चला होऊन गेला होता, ऑर्थोडॉक्स चर्चचं ईस्टरचं गणित वेगळं, त्यामुळे त्यांचा ५ मेला. शाळेतली चॉकलेटची अंडी संपून महिना झाल्यावर पुन्हा अंडी म्हटल्यावर मुलं वैतागतील असं वाटलं होतं, उलट खूश झाली. मोठ्यांनी सुचावाकडच्या बुकोविना भागाची पद्धत शिकली: काडीच्या टोकाला बारीक नळी बसवलेल्या किशित्सा नावाच्या लेखणीने वितळलेल्या मेणाची नक्षी काढायची. पांढरं ठेवायचं त्यावर आधी मेण, मग अंडं पिवळ्या रंगात, पुन्हा मेण, मग लाल, पुन्हा मेण, शेवटी काळा. सरतेशेवटी ज्योतीजवळ धरून मेण पुसलं की सगळे रंग एकदम वर येतात. छोट्यांनी अंड्यावर कोथिंबिरीसारखं पार्सलीचं पान ठेवून जुन्या पायमोज्यात घट्ट बांधलं आणि कांद्याच्या सालांच्या पाण्यात उकळलं. पान निघालं की खाली फिकट ठसा. मला विचाराल तर छोट्यांचं काम जास्त देखणं झालं. पण मोठ्यांच्या टेबलावर मेणबत्त्या पुष्कळ आणि लक्ष ठेवणारी माणसं कमी. एकीची वेणी थोडक्यात वाचली. हे गटाला लिहून कळवलंय.

तक्रारी आणखी आहेत. गट वयानुसार पाडतात, भाषेनुसार नाही. त्यामुळे घरी फक्त रोमेनियन बोलणारं सहा वर्षांचं मूल आणि एक शब्द न येणारं सहा वर्षांचं मूल एका टेबलावर, आणि शिक्षिका दमली की जर्मनवर घसरते. पाम संडेच्या वर्गात विलोच्या फांद्या आणणार होते, प्रत्यक्षात तयार स्टिकर आणि चमकी आली. ती चमकी अजून आमच्या गाडीत आहे. दोनदा वर्ग रद्द झाल्याचं सकाळी व्हॉट्सअपवर कळलं.

कुणासाठी? मुलाला समजतं पण ते बोलत नाही, अशांसाठी डोळे झाकून घ्या. शून्यापासून शिकवायचं असेल तर हे पुरणार नाही, लिहा-वाचायला तर नाहीच. माझी नणंद स्पेनमध्ये कास्तेयॉनला असते, तिच्या मुलांना रोमेनियन सरकारचा भाषेचा वर्ग शाळेतच मिळतो आणि ती मुलं ठाकठीक लिहितात. आमची मुलगी अजून लिहीत नाही. पण कात्री हवी असली की बाबांना ‘द-मि फोआर्फेका’ म्हणते, आणि हट्ट करायचा असला तर रोमेनियनमध्ये करते, कारण तिथे बाबा लवकर विरघळतो हे तिला कळलंय.

घरबसल्या सामान पाठवून स्क्रीनवर घेतात तो प्रकारही करून पाहिला. माझ्या मते पैसे वाया. दोरा धरायला समोर कुणी नसतं.

पुढच्या वसंताला पुन्हा नाव घालणार आहे. अंड्यांच्या वर्गाच्या जागा सगळ्यात आधी भरतात, जानेवारीतच विचारून ठेवा. मुलांना जुने कपडे घालून पाठवा आणि त्यानंतरच्या आठवड्यात शाळेचा फोटो नाही ना, तेवढं बघा. काळा रंग नखांतून निघत नाही.